इयान होम : रंगमंचापासून पडद्याकडे आणि परत

ब्रिटिश नट सर इयान होम यांचे नाव निघाले की आपल्याकडे बहुतेकांना ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला म्हातारा बिल्बो आठवतो आणि विषय तिथेच संपतो. नाशिकच्या हौशी रंगभूमीवर वावरणाऱ्या मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला वेगळाच भाग मोलाचा वाटतो. ऐन भरात असताना या नटाला रंगमंचाची भीती बसली, आणि त्यानंतर कॅमेऱ्यासमोर त्यांनी जे कमावले त्याच्याच बळावर ते उतारवयात पुन्हा रंगमंचावर, शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला म्हातारा राजा लिअर म्हणून, उभे राहिले, असे मला वाटते.

होम यांचा जन्म १९३१ साली एसेक्समधला. रॉयल शेक्सपिअर कंपनीत पाचवा हेन्री आणि तिसरा रिचर्ड साकारून त्यांनी नाव मिळवले, तर नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘द होमकमिंग’मधल्या लेनीच्या भूमिकेसाठी त्यांना १९६७ साली अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. पुढे १९७६ मध्ये ‘द आइसमन कमेथ’ या नाटकाच्या वेळी त्यांना संवाद आठवेनात, ते नाटकातून बाहेर पडले आणि त्यानंतर बरीच वर्षे रंगमंचाच्या वाटेला फारसे गेले नाहीत. विंगेत उभे असताना पहिले वाक्यच हरवल्याची धास्ती ज्याने अनुभवली आहे, त्याला या प्रसंगाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागणार नाही.

या काळात पडद्यावर त्यांनी केलेले काम मी पुन्हा पुन्हा पाहतो. ‘एलियन’ (१९७९) मधला अ‍ॅश हा यंत्रमानव आहे हे उघड होण्याआधी त्याच्या कपाळाच्या बाजूने एक पांढरा थेंब ओघळतो. त्या क्षणी होम यांचा चेहरा इतका निर्विकार आहे की तो थेंबच सारे सांगून जातो. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) मध्ये ते सॅम मुसाबिनी हे धावण्याचे प्रशिक्षक झाले. व्यावसायिक प्रशिक्षक म्हणून मुसाबिनींना १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मैदानात मान नाही. म्हणून आपल्या शिष्याच्या शर्यतीच्या वेळी ते हॉटेलच्या खोलीत बसून राहतात, खिडकीतून ब्रिटनचा झेंडा वर चढताना दिसतो, राष्ट्रगीत ऐकू येते, आणि पलंगावर बसलेला हा माणूस आपल्या गवती टोपीत ठोसा मारून तिचा तळच फोडतो. आयुष्यभराची उपेक्षा आणि त्या दिवसाचा आनंद एकाच हालचालीत दाखवणारा इतका नेमका अभिनय मी क्वचितच पाहिला आहे. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन आणि बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला.

दूरचित्रवाणीवरही त्यांनी भरपूर काम केले. नेपोलियन तर त्यांनी तीनदा साकारला, १९७४ च्या मालिकेत आणि नंतर दोन चित्रपटांत. बीबीसी रेडिओच्या १९८१ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये फ्रोडोचा आवाज त्यांचाच होता.

पिंटर यांच्याच ‘मूनलाइट’ नाटकातून १९९३ साली ते रंगमंचावर परतले, आणि १९९७ मध्ये रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली लंडनच्या नॅशनल थिएटरच्या छोट्या कॉटस्लो नाट्यगृहात त्यांनी लिअर केला. अंगाने लहानखुरे असलेले होम वादळाच्या प्रवेशात पूर्ण विवस्त्र झाले. या भूमिकेसाठी त्यांना ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा पुरस्कार मिळाला.

ज्या गावात राहून तात्यासाहेब शिरवाडकरांनी लिअरच्या शोकांतिकेतून प्रेरणा घेत ‘नटसम्राट’ लिहिले, त्या गावात या लिअरची ओळख असायला हवी. आमच्याकडे स्पर्धेच्या तालमीत गणपतराव बेलवलकरांचे स्वगत म्हणजे आवाज शेवटच्या रांगेपलीकडे फेकणे असे समजले जाते. डॉ. श्रीराम लागूंच्या भूमिकेची भव्यता मला वंदनीयच आहे. पण तिची नक्कल करताना नव्या मुलांचा घसा बसतो आणि म्हातारा हरवतो. आयर यांनीच दूरचित्रवाणीसाठी चित्रित केलेला होम यांचा लिअर त्या मुलांनी स्वगत पाठ करायला घेण्यापूर्वी एकदा शांतपणे पाहावा, आणि पहिल्या प्रवेशात मुलींना राज्य वाटून देताना हा म्हातारा कोणाकडे किती वेळ पाहतो, एवढ्याकडेच आधी लक्ष द्यावे.