भरती की ओहोटी?

बडोद्यात पाणी म्हणजे सूरसागर तलाव, नाहीतर मगरींची विश्वामित्री नदी. तरीही गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या चित्रकाराच्या स्टुडिओत बसून मी छापचित्रासाठी जस्ताच्या पत्र्यावर समुद्र काढायचा घाट घातला.

वादळ सोपं असतं, हे माझं आता ठाम मत आहे. जपानी चित्रकार होकुसाईची १८३१ च्या सुमाराची ती लाट आठवा, फेसाला अक्षरशः नखं फुटलीत. लाकडी ठसा कोरणाऱ्याला धरायला काहीतरी आहे तिथं. (कारागिराचं कसब कमी लेखत नाही हं.) शांत पाण्यात मात्र रेघ ओढली तर वाळत घातलेल्या दोऱ्या दिसतात, नाही ओढली तर नुसता कोरा कागद.

त्यावर उपाय ॲक्वाटिंट, म्हणजे रेघेऐवजी छटा छापायची पद्धत. इंग्रज चित्रकार विल्यम डॅनियलने १८१४ ते १८२५ या काळात ब्रिटनचा किनारा याच पद्धतीने ३०८ चित्रांत छापला. पत्र्यावर राळेची भुकटी बारीक पसरायची, खालून तापवून चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. कणांच्या मधला धातू आम्ल खातं, त्या खड्ड्यांत शाई बसते. क्षितिजाजवळचं पाणी थोड्याच वेळात वॉर्निशने झाकायचं, पायाशी असलेलं आणखी खाऊ द्यायचं. म्हणजे समुद्राची खोली घड्याळावर मोजायची! मधूनमधून पत्र्यावर बुडबुडे धरतात, ते कबुतराच्या पिसाने हळूच सारावे लागतात, नाहीतर डाग पडतात. पीस फिरलं की ट्रेमध्ये इवल्या लाटा उठायच्या. त्या तेवढ्या छापता आल्या असत्या तर!

पहिला छाप निघाला तेव्हा होडीवरचं 'जयदुर्गा' उलटं. पत्र्यावर मी सुलटं लिहिलं होतं, दुसरं काय होणार? नाव खरवडून टाकलं. पुढच्या वेळी शाई पुसताना क्षितिजावर जाळीचं कापड जरा हलकंच फिरवलं, तर तिथं आपोआप धुकं उतरलं. ओला कागद छापयंत्राच्या फेल्टखालून, म्हणजे जाड लोकरी कापडाखालून, सोलून काढताना छाती धडधडत होती.

आजी मूळची गुहागरची, लग्न होऊन दांडिया बाजारात आली त्याला साठ वर्षं झाली. तिनं चष्मा लावून छाप बराच वेळ न्याहाळला.

"होडी झकास. पण भरती आहे की ओहोटी?"

मी गप्प.

"अरे, वाळू कुठवर ओली आहे ते दाखव की. त्याशिवाय कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर पुन्हा राळ पसरली.