आहेस काय?

परवा दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हणून पडलो तर फोन लागोपाठ दोनदा वाजला. एक मेसेज गल्लीच्या ग्रुपवर, राजाराम बंधारा, पंचगंगेची पाणी पातळी 39 फूट, म्हणजे इशारा पातळी. दुसरा एका मैत्रिणीचा, दोनच शब्द. "आहेस काय?"

पहिल्याचं काय वाटलं नाही. जुलै आहे, धुवाधार पाऊस आहे, 39 होणारच. धोका 43 ला, आणि तोवर कोल्हापुरात कोण घाबरत नाही, उलट पोराबाळांना घेऊन शिवाजी पुलावर पाणी बघायला जातात. पण "आहेस काय" बघून पोटात गोळा आला. कारण त्याच्या मागनं काय येतं ते पाठ आहे मला. आधी सासू, मग नवरा, मग नोकरी, आणि तासाभरानं "आता तूच सांग बाई मी काय करू".

आणि आम्ही सांगतो ना! माझं राधानगरी धरणासारखं आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरलेल्या लेव्हलला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटन दाबायला लागत नाही, एका दरवाजातनं 1428 क्युसेक. माझ्या तोंडाला देवानं तसलेच बसवलेत. समोरच्यानं नुसता उसासा टाकला की मी सुरू झालो. (आलो, गेलो, झालो, आमच्यात बायका असंच बोलतात, कुणी दुरुस्त करायला येऊ नका.)

हे रक्तातनंच आलंय. आमचे आजोबा शिंपी, वजन असेल पंचेचाळीस किलो, जन्मात कधी अंगाला लाल माती लागली नसेल, पण खासबागेत कुस्त्यांचं मैदान असलं की दुकान बंद. मला पण न्यायचे, मी सहा-सात वर्षांची, बॉयकट, कुणाला कळायचं पण नाही पोरगी आहे म्हणून. खासबाग 1912 सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं, खोलगट बशीसारखं, कुठंही बसा कुस्ती दिसते, आणि कुठनंही ओरडा, खाली ऐकू जातं हे मात्र मला त्या दिवशी कळलं. कुस्ती लई वेळ चाललेली, दोघं एकमेकांत अडकून पडलेले, लोक पण ओरडून दमून गप्प झालेले. आणि त्या शांततेत आमचे आजोबा एकटेच उठून, "आरं पट काढ की! पट काढ, बघतोस काय!" आणि त्या पैलवानानं खरंच वर बघितलं. आमच्याकडं. मला अजून त्याचा तो मातीनं माखलेला कान आणि डोळे दिसतात, कोण बोललं ते शोधणारे. तेवढ्यात दुसऱ्यानं त्याला उचलला आणि चितपट.

आजोबा येताना काय बोलले नाहीत. भडंग घेऊन दिलं, स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. पुढच्या मैदानाला गेले तेव्हा तोंडात सुपारी धरून बसले होते, बोलायचं नाही म्हणून. निम्म्या कुस्तीत सुपारी थुंकली.

तर ह्याच मैत्रिणीला एकदा मी छातीठोक सांगितलं होतं, सोड त्याला, येऊन रहा माझ्याकडं, बघू काय होतंय ते. चार दिवसांनी दोघांचं गोड झालं आणि तिनं सगळं त्याला सांगितलं, माझ्या शब्दांसकट. आता त्यांच्या घरी गेलं की तो प्रत्येक गोष्टीला अगदी अदबीनं विचारतो, "ताई, तुमचं काय म्हणणं?" पंख्याचा स्पीड वाढवायचा असला तरी.

हल्ली रीलवर सारखं सांगतात, बाउंड्री ठेवा, नाही म्हणायला शिका. आमच्यात बाउंड्री म्हणजे शेताचा बांध आणि बांध म्हणजे भावाभावांच्या वीस-वीस वर्षं चाललेल्या केसी, त्यामुळं तो शब्दच मला पचत नाही. आणि ऑगस्ट 2019 ला कुठं होती बाउंड्री, पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं, हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, आमच्या दोन खोल्यांत नदीकडच्या पेठेतली ओळखीची अकरा माणसं, नऊ दिवस. कुणी कुणाला सल्ला दिला नाही, नुसत्या चपात्या लाटल्या. फार छान दिवस होते असं आम्ही सगळे सांगतो आणि ते खरंच आहे, फक्त सहाव्या दिवशी मी माझ्या पोराचा बिस्किटाचा पुडा कपाटात साड्यांच्या मागं लपवला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो पुडा नंतर महिनाभर तसाच राहिला, मऊ पडला, टाकून दिला.

बाबांना तेवढं पण जमलं नसतं. ते कुणालाही जामीन रहायचे. एका दोस्तानं किराणा दुकानासाठी पतसंस्थेतनं कर्ज काढलं, बाबांनी सही केली, दुकान बुडालं, आणि नोटीस आमच्या घरी. तीन वर्षं पगारातनं कापून जात होतं. त्या सालची माझी शाळेची सहल गेली, आईच्या पाटल्या गेल्या. "सही करताना पेन कसं मोडलं न्हाई" हे वाक्य मी जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की आमटीची चवच वाटायची ती. बाबा म्हणायचे, "तो समोर बसला होता गं." बास, एवढंच.

ते काका मग पन्हाळ्याकडं आपल्या गावी निघून गेले. आणि दरवर्षी संक्रांतीला गुऱ्हाळावरनं गुळाची ढेप घेऊन यायचे, कापडात बांधलेली. पैशाचा विषय ते पण काढायचे नाहीत, बाबा पण नाहीत. ऊस, पाऊस, गुडघे, मग उठायचे. आई त्यांना पाणी द्यायची, चहा कधी दिला नाही. आणि तो गूळ एकदाही आमच्या घरात शिजला नाही, शेजारच्यांच्या म्हशीला जायचा. मी केवढं सांगितलं असेल आईला त्यावरनं, सोडून दे, किती दिवस धरून बसणार, वगैरे वगैरे, सातही दरवाजे.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ढेप अजून येते, काकांना आता चालवत नाही म्हणून पोरगा मोटारसायकलवरनं देऊन जातो.

परवा त्या दोन मेसेजनी झोप तर गेलीच होती, म्हणून उठून स्वयंपाकघरात आलो. आई चहा ठेवत होती. डायबिटीस असून गुळाचा चहा पिते, त्यावरनं पण मी तिला रोज बोलतो. ओट्यावर कापड सोडलेली ती ढेप होती आणि आई सुरीनं तिचा कोपरा खरवडून पातेल्यात टाकत होती. निम्मी संपलेली होती ढेप, म्हणजे आजचं नव्हे हे.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कप विसळायला घेतले.