वेटिंग 31

स्पर्धा होऊन चार महिने झाले, तरी त्याआधीच्या सहा आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहून काढतोय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या कुणाला डिस्क गोल्फची पहिली स्पर्धा खेळायची असेल, तर निदान त्याला तरी माझ्यासारखं ताटकळावं लागू नये.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी: सगळं गोल्फसारखंच, फक्त चेंडूऐवजी प्लास्टिकची चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत चकती बास्केटमध्ये घालायची. 1975 मध्ये एड हेड्रिकने कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स आखला. पुढच्या वर्षी त्याने पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना काढली आणि सभासद क्रमांक 1 स्वतः घेतला. माझा क्रमांक सहा आकडी आहे आणि तो दहा मिनिटांत मिळाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

या शहरात राहून हा खेळ अंगात न भिनणं कठीण. 2012 ची जागतिक स्पर्धा इथे झाली आणि पॉल मॅकबेथने पहिलं विश्वविजेतेपद इथेच मिळवलं. जवळच रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात 1999 पासून यूएस चॅम्पियनशिप होते. तिथला सतरावा होल एकदा तरी पाहावाच. बास्केटभोवती गवताच्या गठ्ठ्यांचं कुंपण असतं आणि चकती त्याच्या आतच पडावी लागते, नाहीतर दंड. दोरीमागे उभं राहून मी तिथे भल्याभल्या खेळाडूंना चकती हातात घेऊन श्वास सावरताना पाहिलं. त्या दिवशी ठरवलं, आपणही एकदा नियमाने, कार्डावर आकडे लिहून खेळायचं.

एप्रिलमधली एक स्थानिक स्पर्धा निवडली. गट एमए3, म्हणजे 900 पेक्षा कमी रेटिंगच्या (खेळाडू किती चांगला ते सांगणारा आकडा) हौशी खेळाडूंचा. रेटिंगच नसेल तर कुठलाही हौशी गट घेता येतो, पण पहिल्याच वेळी वरच्या गटात शिरू नका. नोंदणी बुधवारी संध्याकाळी सातला उघडणार होती. लेकीचं जेवण आटोपून सात वाजून अकरा मिनिटांनी लॅपटॉप उघडला, तोवर 72 च्या 72 जागा भरलेल्या. माझ्या नावापुढे आकडा आला: वेटिंग 31. (पैसे भरायच्या कार्डाचे तपशील आधीच भरून ठेवा आणि सहा पंचावन्नला पान उघडून बसा.)

जागा 72 च का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. सगळे खेळाडू चौघाचौघांच्या तुकड्यांत एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरुवात करतात. अठरा होल, प्रत्येकावर चौघे, झाले 72. हा हिशेब कळल्यावर जागांबद्दलची तक्रार मिटली. यादीबद्दलची मिटलेली नाही.

पहिल्या आठवड्यात आयोजकांना विनम्र मेल केला, साधारण अंदाज द्याल का? उत्तर आलं, नंबर लागला की कळवू. तिसऱ्या आठवड्यात 31 चे 29 झाले. चौथ्या आठवड्यातही 29. मी रोज सकाळी चहाआधी ते पान उघडायचो. रेल्वेच्या वेटिंगची आपल्याला सवय असते, पण तिथे कोटा कुठला ते तिकिटावर लिहिलेलं असतं आणि चार्ट कधी लागणार हेही माहीत असतं. इथे एक आकडा, बाकी काही नाही. राहायला दोन तास लांब असलेल्या मेहुण्याला स्पर्धेसाठी बोलावून ठेवलं होतं. त्याला सुट्टी टाकायची होती आणि मी दर रविवारी ‘अजून नक्की नाही’ एवढंच सांगत होतो.

पाचव्या आठवड्यात कहर झाला. आमच्या रविवारच्या खेळातले सातारचे एक दादा माझ्या मागे, 38 वर होते. त्यांना जागा मिळाली! त्यांनी आनंदाने फोन केला, मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवून आयोजकांना दुसरा मेल लिहिला. हा विनम्र नव्हता. त्याला नऊ दिवस उत्तर नाही.

खरं कारण मला शेवटी सरावाच्या मैदानावर कळलं, तेही दुसऱ्याच माणसाकडून. यादी दिसते एक, पण प्रत्येक गटाच्या जागा वेगळ्या राखलेल्या असतात. दादा चाळिशीपुढच्या गटात होते, तिथे एक जण गळला आणि ते आत गेले. माझ्या गटात मी 29 वा नव्हतोच, सहावा होतो. ही एक ओळ त्या पानावर लिहायला आयोजकांना काय अडचण होती? सहा आठवडे मी चुकीचा आकडा बघत होतो. तुम्ही नोंदणी कराल तेव्हा यादी गटानुसार स्वतः मोजा. नावापुढे गट लिहिलेला असतो, आपल्या गटातली आपल्यावरची नावं तेवढी मोजायची.

ज्याने हे सांगितलं तो खुल्या गटात, म्हणजे पैशांसाठी खेळणारा. नाव सांगत नाही. त्याच्याशी तासभर बोललो आणि जागा शेवटच्या आठवड्यातच का सुटतात तेही समजलं. बड्या टूरचा, म्हणजे व्यावसायिकांच्या मोठ्या स्पर्धांच्या मालिकेचा, हंगाम थंडी सरताना दक्षिणेकडच्या राज्यांत सुरू होतो, मग उत्तरेला सरकतो, उन्हाळ्यात काही स्पर्धा युरोपात, सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्समधलं मेपल हिल आणि ऑक्टोबरात पुन्हा आमच्याकडे रॉक हिल. वरच्या खेळाडूंकडे टूर कार्ड असतं, त्यांची जागा पक्की. याच्यासारख्यांना तिथे उरलेल्या जागांची वाट बघावी लागते. त्यामुळे तो त्याच शनिवार-रविवारी घराजवळच्या स्पर्धेतही नाव घालून ठेवतो. मोठ्या स्पर्धेकडून बोलावणं आलं की पेट्रोल, मोटेल, प्रवेश फी यांचा हिशेब मांडतो, कारण खुल्या गटातल्या निम्म्याहून कमी खेळाडूंना बक्षिसाचे पैसे मिळतात. शिवाय कोर्स बघतो. उजव्या हाताने बॅकहँड मारलेली चकती वेग संपताना डावीकडे वळते, फोरहँडची उजवीकडे. कोर्सवर उजवीकडे वळणारे होल जास्त असले की फोरहँड चांगला असावा लागतो आणि त्याचा फोरहँड कच्चा आहे. कॅन्ससमध्ये एम्पोरियाच्या मोकळ्या मैदानावर वारा आणि ताकद यांचा खेळ, तो त्याला नको. त्याला आमची कॅरोलिनाची दाट झाडी हवी, जिथे दोन खोडांमधून सरळ फेकता आलं पाहिजे. हे सगळं ठरवून तो फी परत मिळण्याच्या अगदी शेवटच्या दिवशी कुठलं तरी एक नाव काढतो. त्याच्यावर राग धरता आला नाही. पोट त्यावर आहे.

आमच्या स्पर्धेत ती मुदत रविवारी रात्री संपत होती. सोमवारी आयोजकांनी खुल्या गटातल्या रिकाम्या जागा हौशी गटांना वाटल्या. मेल दुपारी 1:40 ला आला होता, चोवीस तासांत पैसे भरायचे, आणि तो जाहिरातींच्या मेलमध्ये जाऊन पडला होता. रात्री दहाला बायको म्हणाली, “अरे, एकदा तिकडेही बघ ना.” बघितलं. पैसे भरताना माझे हात खरंच कापत होते. मेहुण्याला तेव्हाच फोन केला.

स्पर्धेचा दिवस भुर्रकन गेला. अठरा-अठराच्या दोन फेऱ्या, सकाळी 64, दुपारी 61. बास्केटपासून 10 मीटरच्या आत पुट (बास्केटमध्ये घालायची जवळची फेक) मारताना तोल सावरेपर्यंत पाय पुढे टाकता येत नाही. हा नियम घरी अंगणात घोटून घ्या, मला सकाळी दोन दंड त्याचेच पडले. चकती पडली त्या जागेची खूण ठेवायला छोटी चकती जवळ हवी. फेकायला 30 सेकंद असतात आणि ते पुरतात. माझ्याबरोबर खेळणारे तिघंही फार चांगले होते, नवव्या होलवर हरवलेली माझी चकती तिघांनी काट्यांत शिरून शोधली.

रेटिंग महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लागतं. त्याच दिवशी त्याच कोर्सवर रेटिंग असलेले बाकीचे कसे खेळले यावरून ते निघतं, एक फेक म्हणजे ढोबळमानाने 10 गुण. माझी सकाळची फेरी 838, दुपारची 871. ते पान मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

एक सांगायचं राहिलं. जमणार नाही असं कळलं की नाव लगेच काढा, मुदतीची वाट बघू नका. ऑगस्टातल्या स्पर्धेत माझी जागा पहिल्या फटक्यात लागली होती, पण त्याच आठवड्यात आईबाबा येणार असं ठरलं. मुदतीला अठरा दिवस होते, तरी मी त्याच संध्याकाळी नाव काढलं. तासाभराने पान उघडलं, तर एमए3 च्या वेटिंगमधलं सगळ्यात वरचं नाव खेळाडूंच्या यादीत गेलेलं होतं.