पितळेच्या भावात पेटी

"वाजतीया का बघा, नायतर आतल्या सुरांच्या पट्ट्या उचकटून पितळ किलोवर घालतो," भंगारवाला म्हणाला.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत, सायकलच्या रिमांखाली जुनी बाजाची पेटी. भाता मारला तर आधी धूळ, मग पांढरी एकचा, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, स्वच्छ सा. १२०० रुपये! घासाघीस केलीच नाही. चोरी केल्यासारखी रिक्षात टाकली.

घरी आणून पुसली. पट्ट्यांवर पेन्सिलनं, बाळबोध अक्षरात सा, रे, ग... फक्त प पर्यंत. पुढचं पाठ झालं, की शिकणंच सुटलं?

आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दारात उभं केलं नाही, तरी ती घराघरांत वाजत राहिली. आणि थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात आज किलोवर? त्या माणसाचं तरी काय चुकलं म्हणा, त्याचा धंदाच तो.

प च्या पुढं मी लिहू, की राहू दे तसंच?