गस्त आणि ओळखपत्र

नगर जिल्ह्यातील एका गावाची पोलीस पाटील म्हणून मी काम पाहते. एका उन्हाळ्यात महिन्याभरात आमच्या शिवारातील अकरा विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला गेल्या. त्यासाठी बोलावलेल्या ग्रामसभेत पहिले बोट रोखले गेले ते ओढ्यापलीकडच्या पारधी वस्तीकडेच. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजावर मारलेला शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, गावाच्या मनावरून मात्र नाही. त्या सभेत वस्तीवरचे कोणीही नव्हते, कारण दवंडी तिथपर्यंत गेलीच नव्हती. ही चूक माझीही होती.

ग्रामसुरक्षा दलाची गस्त शनिवारी आणि रविवारी चालत असे, कारण त्या दिवशी तरुण मंडळी मोकळी असत. चोऱ्या मात्र इतर रात्रीच होत. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः वस्तीवर गेले. तिथल्या एका वृद्धाने मला न बोलता ओढ्याच्या कोरड्या पात्रात नेले आणि काठीने राख उकरून दाखवली. जळक्या रबराचा उग्र वास अजून येत होता आणि राखेत तांब्याच्या केसाएवढ्या तारा चमकत होत्या. चोरटे केबल तिथेच जाळून तांबे काढून नेत होते. "रातची लाईट नसती तवाच येत्यात," एवढेच ते म्हणाले. घरी येऊन मी तक्रारींच्या तारखा शेतीपंपांच्या वीज वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या. थ्री फेज वीज दिवसा असेल, त्याच रात्री चोरी झालेली होती: केबलमध्ये प्रवाह नाही आणि विहिरीवर पाणी धरायला शेतकरीही नाही.

गस्तीचे दिवस बदलायचे ठरले. वस्तीवरच्या चौघांची नावे यादीत घालताच कुजबुज झाली, पण खरी अडचण त्या बाबांनीच सांगितली. "ताई, बॅटरी घेऊन तुमचा माणूस फिरला तर गस्त, आमचा फिरला तर चोर." म्हणून मी चौघांची ओळखपत्रे करून घेतली आणि पोलीस ठाण्यात बसून त्यांवर सही-शिक्का घेतला. या एका कामाला गस्तीच्या आखणीपेक्षा अधिक वेळ लागला.

पुढच्या गुरुवारी रात्री दोनच्या सुमारास शिट्टी वाजली. मी पोहोचले तेव्हा दोन तरुण विहिरीच्या कठड्याशी पकडले गेले होते आणि गोणीत कापलेली केबल होती. त्यांपैकी एक गावोगाव मोटारी दुरुस्त करणारा होता. आमच्या अनेक घरांत त्याने चहा घेतलेला. जमाव हात उगारू लागला, तेव्हा 112 वर फोन लावून गाडी येईपर्यंत मी त्या दोघांच्या पुढे उभी राहिले, आणि माझ्या शेजारी उभे राहिले ते वस्तीवरचे दोघे.

पंचनाम्याच्या वेळी हवालदाराने सवयीने वस्तीवरच्या त्या दोघांनाच आधी नाव विचारले. एकाने काही न बोलता खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ओळखपत्र काढले आणि बॅटरीच्या उजेडात धरले.