स्विफ्टचे पोचे, पेंटला हात न लावता: उजवी बाजू जवळपास झाली

आधी सध्याची परिस्थिती सांगतो. उजव्या मागच्या दरवाज्यावरचा मोठा पोचा निघाला, पुढच्या फेंडरवरचा पूर्ण गेला, डिकीवरचा बराचसा उठलाय पण अजून समाधान नाही, आणि डावीकडे दरवाज्याच्या बॉडी लाइनवर, म्हणजे पत्र्याला कंपनीतच पाडलेल्या घडीवर, बसलेला आहे तो तसाच आहे. गाडी सिल्व्हर स्विफ्ट, पेंट सगळा कंपनीचा, एकही पॅनल बाहेर फवारलेलं नाही, आणि ही सगळी खटपट त्या पेंटसाठीच चाललीये.

पोचे कुठून आले हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. कॉलेज रोडला शनिवारी संध्याकाळी गाडी लावा, शेजारच्याने दार उघडलं की दरवाज्यावर एक टिकली मिळतेच, आणि शालिमारला बाइकवाले दोन गाड्यांच्या फटीतून हँडल घासत काढतात ते वेगळंच. पेंट फाटलेला नसतो, नुसता पत्रा आत गेलेला असतो. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर म्हणे पूर्ण दरवाजा करावा लागेल, म्हणजे पेंट घासायचा, पुट्टी भरायची, प्रायमर, कलर, वरचा पारदर्शक क्लिअर, आणि सिल्व्हर मेटॅलिक असल्यामुळे शेड जुळावी म्हणून शेजारच्या पॅनलवरसुद्धा थोडा कलर मारत न्यायचा. सिल्व्हरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते फवारताना कसे बसतात यावर शेड बदलते, त्यामुळे डबा तोच असला तरी उन्हात फरक दिसतो.

एका बोटाच्या पेराएवढ्या खड्ड्यासाठी एवढं करणं मला अजिबात पटत नाही. कंपनीत बॉडी आधी आख्खी टाकीत बुडवून विजेने प्रायमर चढवतात आणि मग भट्टीत साधारण १६० ते १८० डिग्रीला भाजतात, वरचा कलर आणि क्लिअरसुद्धा १४० च्या आसपास भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये ६०-७० डिग्रीच्या पुढे जाता येत नाही कारण गाडीत वायरिंग, प्लॅस्टिक, रबर सगळं असतं. म्हणजे घासून काढलेला पेंट तसाच्या तसा परत मिळत नाही, कारागीर कितीही चांगला असला तरी. आणि हे सगळे थर मिळून जाडी किती, तर साधारण १०० ते १५० मायक्रॉन.

इन्शुरन्सचं म्हणाल तर छोट्या पोच्यासाठी क्लेम टाकू नका. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात, शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, जातो, आणि तो २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांनी ५० पर्यंत पोचलेला असेल तर एका टिकलीसाठी घालवण्यात काहीच अर्थ नाही.

आता मुख्य कामाचं. सुरुवातीला माझं सगळं लक्ष खड्ड्याच्या मधल्या भागावर होतं, टॅब (गरम ग्लूने पत्र्याला चिकटवायचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा) चिकटवायचा आणि ओढायचं. मधला भाग वर यायचा, पण हात सोडला की थोडा परत बसायचा आणि आजूबाजूला एक विचित्र कडं दिसायचं. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, अंबडला प्रेस शॉपच्या टूलरूममधून रिटायर झालेले, गाड्यांचे पॅनल दाबायच्या डायवर त्यांचं आयुष्य गेलं. ते खाली चालायला आले होते, थांबून बघायला लागले. म्हणाले, "अरे मधे काय बघतोस, कडेला बघ. पत्रा कडेने अडकलाय." मी म्हटलं काका, कडेला तर काहीच नाहीये. त्यांनी माझा हात धरून पंज्यावर पातळ रुमाल ठेवला आणि दरवाज्यावरून हळूच फिरवायला लावला, आणि खरंच, खड्ड्याच्या भोवती एक अगदी हलका उंचवटा हाताला लागला जो डोळ्याला दिसत नव्हता.

सगळी गंमत तिथे आहे. दार आपटतं तेव्हा खरा कायमचा वाकतो तो मधला छोटासा भाग, बाजूचा पत्रा बहुतेक नुसता ताणाखाली धरून ठेवलेला असतो, त्याला परत जायचंच असतं. पण आत गेलेला पत्रा कडेला वर उचलला जातो आणि तो उंचवटा एखाद्या कुलपासारखा खड्डा बंद करून ठेवतो. मधून कितीही ओढा, कुलूप लागलेलं आहे तोवर तो परत बसणार. उंचवटा नायलॉनच्या टोकाने हलके हलके खाली ठोकला की खड्डा आपोआप उथळ होतो, कधीकधी अर्धा तर ओढायच्या आधीच जातो. काकांनी अजून एक सांगितलं. बऱ्याच गाड्यांना बाहेरच्या पॅनलसाठी बेक हार्डनिंगवालं स्टील वापरतात, प्रेसमध्ये ते मऊ असतं आणि पेंटच्या भट्टीत भाजलं की कडक होतं, म्हणून जो पत्रा डायमध्ये सहज वळतो तोच गाडीवर गेल्यावर हट्टी होतो. जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास, पण वागतो जाड पत्र्यासारखा.

उंचवटा दिसायला लाइट लागते. मी एलईडी ट्यूबलाइट एका पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक शीटच्या मागे लावली आणि शीटवर काळ्या इन्सुलेशन टेपच्या समांतर पट्ट्या मारल्या, एवढाच बोर्ड. तो पॅनलच्या बाजूला उभा करायचा आणि पत्र्याकडे नाही, पत्र्यात पडलेल्या पट्ट्यांच्या प्रतिबिंबाकडे बघायचं. सपाट भागात पट्ट्या सरळ जातात, खोलगट भागात एका बाजूला वाकतात, उंचवट्यावर उलट्या बाजूला. कुठली बाजू म्हणजे खड्डा हे तुमच्या बोर्डच्या जागेवर ठरतं, म्हणून आधी नक्की माहीत असलेल्या खड्ड्यावर बघून घ्या. ट्यूब सरकवली की तोच पोचा वेगळा दिसतो, एका कोनातून सपाट वाटणारी जागा दुसऱ्या कोनातून पट्टीला बारीक मुरड घालते. ही नजर यायला वेळ लागतो, पण माझ्या मते या छंदात हत्यारांपेक्षा तीच महत्त्वाची आहे, ऑनलाइन मिळणारे टॅबचे मोठे किट घ्यायच्या आधी लाइट नीट करा.

उजवा मागचा दरवाजा. आतून शिरायला जागा नव्हती कारण पोचा बरोबर दरवाज्याच्या आतल्या आडव्या बीमसमोर होता, अपघातात बाजूने धडक बसली तर वाचवणारा पाइप असतो तो, म्हणून बाहेरून ग्लू लावायचं ठरवलं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आधीचं वॅक्स थोडं जरी राहिलं तरी ग्लू सुटतो. टॅबवर ग्लू घातला, पत्र्यावर ठेवला पण पूर्ण दाबला नाही, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर मधे राहू दिला. मग थांबलो. ग्लू कोमट झाला, नख लावलं तर रुतत नाही पण ठिसूळही नाही, अशा वेळी मिनी लिफ्टर, म्हणजे टॅब ओढायचं हातातलं हत्यार, बसवून हळू दाबला. पट्टीची मुरड मधून उघडताना दिसते, तिथेच थांबायचं. मग टॅब तसाच ताणाखाली ठेवून कडेच्या उंचवट्यावर टक टक टक, अगदी हलकं, नायलॉनचं टोक आणि छोटी हातोडी. तेवढ्यात पट्टी एकदम सरळ झाली, जोर न वाढवता. काका बाजूला उभे होते, फक्त "हां" म्हणाले. ग्लू काढायला अल्कोहोल कडेवर टाकायचं, मुरू द्यायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलायचं, ओरबाडायचं नाही. मध्यभागी बोटाच्या टोकाएवढ्या जागेत किंचित वर आलेली टिकली उरली होती ती नंतर बसवली, उंच टिकली राहिलेली परवडते, ती ठोकता येते, उरलेला खड्डा काढायला परत सगळा ग्लूचा खेळ.

हवेबद्दल सांगतो, कारण बाहेरचे व्हिडिओ बघून हे कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे सकाळी पत्रा बर्फासारखा असतो, निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिकमध्येही सकाळी ग्लू लावू नका, टेकवल्या टेकवल्या गोठतो आणि टॅब काही न ओढता फटकन सुटतो. दुपारी बारानंतर, किंवा हेअर ड्रायरने पत्रा हाताला कोमट लागेल एवढा करून. एप्रिल-मेमध्ये उलटं, उन्हात पत्र्यावर हात ठेववत नाही, ग्लू च्युइंग गमसारखा लांबत जातो, तेव्हा सकाळी लवकर आणि सावलीत.

फेंडरवरचा सोपा गेला. चाकावरचं प्लॅस्टिकचं लायनर क्लिपा काढून बाजूला केलं की आतून पोचता येतं. आतून दाबायच्या रॉडच्या टोकाला टेप गुंडाळली, आणि पहिल्यांदा खड्ड्यापासून लांब अगदी नाजूक टेकवून बघितलं की प्रतिबिंबात टिंब कुठे हलतंय, म्हणजे टोक कुठे आहे ते सापडतं. मग बाहेरून आत गोल गोल येत छोटे छोटे दाब. एकदम मधे जोर दिला तर पत्रा ताणला जातो, आणि जास्त ताणला तर आत-बाहेर पॉक पॉक करायला लागतो, ते दुरुस्त करणं फार अवघड.

डिकीवर नंबर प्लेटच्या वर उथळ पण पसरट पोचा होता, रिव्हर्स घेताना कुणीतरी टेकवलेली. आतलं ट्रिम काढून रॉडने केलाय, लांबून दिसत नाही, पण लाइटखाली पट्टी अजून थोडी लहरते. तिथे घाई करणार नाही.

करून बघणाऱ्यांनी आधी एक तपासा, पॅनल पूर्वी फवारलेलं तर नाही ना. जुनी गाडी घेतली असेल तर रबर बीडिंगच्या कडेला कलरचे शिंतोडे बघा, बिजागरीच्या बोल्टवर कलर उखडलाय का बघा, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, जिथे ओढ कमी होते तिथे खाली पुट्टी आहे. अशा पॅनलवर ग्लू लावला तर पोच्याऐवजी कलरच टॅबसोबत निघून येतो. पुष्कळ मोठ्या गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्याला चुंबक चिकटतच नाही, त्याला उष्णता लागते आणि ते स्टीलपेक्षा लवकर चिरतं, माझा तिथे अनुभव नाही म्हणून हात घालणार नाही. प्लॅस्टिकच्या बंपरला यातलं काही लागत नाही, उकळतं पाणी ओता आणि आतून दाबा, बहुतेक वेळा येतो. पण तीच ट्रिक, किंवा हेअर ड्रायर आणि गार स्प्रेवाली, पत्र्यावर चालते असं मी मानत नाही, टोकदार आघात झालेल्या पोच्यावर तरी नाही.

दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींनी गारपिटीच्या पोच्यांबद्दल विचारलं होतं. पद्धत हीच, फक्त छतावर पन्नासेक टिकल्या असतात. आतलं छताचं कापड उतरवावं लागतं आणि ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग आहे त्यांना छताच्या कडेला एअरबॅग असते, तिथे रॉड अजिबात नको, ते काम करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

राहिला डावीकडचा बॉडी लाइनवाला. तिथे पत्रा आधीच कंपनीत दुमडलेला असल्यामुळे सर्वात कडक असतो, आणि खड्डा लाइनच्या दोन्ही बाजूंना पसरलाय. गोल टॅब इथे काम करत नाही, लांबट पाहिजे जो लाइनवर आडवा बसेल. काका म्हणतात आधी लाइनच्या वरचा उंचवटा सोडव, मग खालचा, मग लाइन, आणि लाइन शेवटी एका टोकाकडून. काच खाली करून फटीतून रॉड जातो का तेही बघितलं, काचेला गार्ड आणि पाचर लावून जागा मिळते, पण टोक लाइनच्या मागे पोचत नाहीये, बहुतेक वेगळ्या वळणाचा रॉड लागेल. सातपूरला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्प्रिंग स्टीलची सळी वाकवून घेणार आहे, टोक गोल घासून. त्या कामाला कुणाकडे दोन वळणांच्या रॉडची मापं असतील तर सांगा, पहिलं वळण टोकापासून किती लांब ठेवलं ते मुख्य हवंय.