अंधार लॅबवाल्यानं पुसून टाकला

काल प्रिंट हातात आल्या आणि डोकंच फिरलं. बारा दिवस खपून काढलेला साडीचा फोटो, खोलीत ट्यूबलाइट लावल्यासारखा उजळलेला. लॅबच्या मशीनवर ऑटो करेक्शन चालू. सांगायचं मीच विसरलो, पण विचारायची रीत त्यांचीही नाही.

शाळेतल्या पोरांना फोटो काढायला शिकवतोय, त्यातलीच ही बीडमधल्या धारूरकडची नववीतली पोरगी. फोटो तिचा. आईबाप दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेत, घरी ती आणि आजी. विषय 'माझं घर'. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, आई तर इथं नाही. मग फोटो कशाचा काढू?" म्हटलं, आईचं काय काय मागं राहिलंय ते बघ. तिनं वलणीवरची साडी धरली.

खोलीला खिडकी नाही, दारातून येईल तेवढाच उजेड. माझी ५० एमएम एफ/१.८ लेन्स नेली, कमी उजेडात चालते म्हणून. पण क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती ७५-८० एमएमसारखी होते, चौकटीत कमी मावतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी साडी मावेना. (नवख्यांना 'आधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घ्या' सांगणं आता तरी बंद करा राव.) मग तिचाच मोबाइल. नाइट मोडनं सगळं पांढरंफट्ट केलं. स्टीलच्या परातीनं उजेड फेकला तर साडीवर चट्टा. खताची गोणी उलटी करून धरली, तेव्हा कुठं मऊ उजेड आला. मी खूश. ती नाही. "आमचं घर एवढं उजेडाचं नसतंय, सर."

गोणी बाजूला. मोबाइल ज्वारीच्या पोत्यावर टेकवला, प्रो मोड लावला, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते आपणच ठरवायचं: आयएसओ ४००, शटर १/१५ सेकंद. आजी दार लोटत होत्या, "आता बास का गं?" विचारत. काठावर उजेडाची एक रेघ उरली, बाकी काळं. दार कुठवर लोटायचं त्याची खूण पोरीनं उंबऱ्यावर खडूनं केली. हे मी शिकवलेलं नाही!

फाइल परत दिलीय, 'करेक्शन नको' असं लिहून. कागद ग्लॉसीच, मॅटवर काळा राखाडी पडतो.

बाकी पोरांचं बरं चाललंय. तिघांचा ब्यूटी फिल्टर सुटत नाही. प्रदर्शन २६ जानेवारीला शाळेत ठरलंय, पण लिहिता लिहिता वाटतंय, जिची साडी तीच तेव्हा कारखान्यावर. गुढीपाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या परततात, तेव्हाच पारावर दोरी बांधून लावू.

आजींना मात्र बिघडलेली प्रिंटच आवडली. साडी नीट दिसती म्हणे. देऊन टाकली.